ढालीवरचा चेहरा

"मी जनावर काढत नाही, मी मागचं चित्र पुढे काढतो," असं ढालकाका एकदा म्हणाले होते.

विचारणारा पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर होता. टँकरच्या दारावर नगरपरिषदेची ढाल ओल्या रंगात चमकत होती. मधे तीन कमानींचा पूल, खाली पाण्याच्या दोन निळ्या रेघा, आणि ढालीला दोन्ही बाजूंनी धरून मागच्या पायांवर उभी असलेली दोन जनावरं. ज्या दाराला धरून आपण रोज आत चढतो त्यावर नेमकं कोण उभं आहे, एवढंच ड्रायव्हरला हवं होतं. उत्तर ऐकून तो "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही," असं म्हणाला आणि टँकर घेऊन निघून गेला.

काकांना खरंच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं ते नगरपरिषदेत पेंटर होते आणि सव्वीस वर्षं त्यांनी मुख्यतः ही ढालच रंगवली होती. टँकरवर, कचरागाडीवर, शववाहिकेवर, बागेतल्या बाकांवर, पाण्याच्या टाकीवर. टाकीवर तर दोरीला लटकून, खालून काकूंच्या ओरडण्याच्या साथीने. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते पगारपत्रकापलीकडे कधी आलं नाही. गावाला ते ढालकाका म्हणूनच माहीत.

यार्डात एक रीत होती. ढालीचं मूळ चित्र वर कार्यालयात कुलुपात असायचं. ते खाली आणायचं नाही, का तर रंग सांडेल. नवी ढाल काढायची ती शेवटच्या काढलेल्या ढालीवरून. कचरागाडीची टँकरवरून, टँकरची शववाहिकेवरून, बाकाची कचरागाडीवरून. काकांच्या आधीचे पेंटर असंच करत आले, त्यांच्या आधीचेही तसंच. नकलेची नक्कल आणि तिची पुन्हा नक्कल. दर वेळी एखादी रेघ केसभर सरकायची. केसभर सरकल्याने कुणाचं काय बिघडतं? पण काका वर्षाला साठ-सत्तर ढाली काढत. केस साठत गेले.

ते कामाला लागले तेव्हा त्या जनावराला नाकाड होतं, इतकं त्यांना पक्कं आठवत होतं. पुढे नाकाड मागे सरत सरत नाक झालं. कान डोक्यावरून निघाले आणि हळूहळू उतरत माणसाचे कान जिथे असतात तिथे येऊन विसावले. कपाळ रुंद झालं. हनुवटी लहान आणि गोल झाली. ओठ असे मिटले की वाटावं, आताच कुणीतरी आमटी चाखायला दिली आहे आणि मीठ कमी आहे. उजवी भुवई डावीपेक्षा वर चढली आणि तिथेच राहिली. आता अंगावर लव, मागे शेपटी, पायांना नखं आणि त्यावर हा चेहरा.

काकांनी यातलं काही मुद्दाम केलं नव्हतं. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते लक्षात आणून दिलं काकूंनी, अकरा वर्षांपूर्वी, एका सकाळी. कचरागाडी दारात थांबली होती. काकू बादली रिकामी करायला गेल्या आणि भरलेली बादली घेऊन तशाच परत आल्या. काका दाढी करत होते.

"अहो," काकू दारातच बसत म्हणाल्या, "कचरागाडीवर दादा आहे."

"कुठला दादा?"

"मला किती दादा आहेत? माझा दादा! गाडीच्या दारावर. शेपटीसकट."

काकू ज्याला दादा म्हणत तो त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे नगरपरिषदेचे हेडक्लार्क, म्हणजे काकांचे मेहुणे. काकांना नोकरीवर घेणारे तेच. पेंटर कमी बोलतो, उलट उत्तर देत नाही आणि ब्रश धुऊन ठेवतो हे पाहून त्याला बहीण देणारेही तेच. त्यांची खिडकी यार्डावर उघडायची, बरोबर काकांच्या शेडसमोर. पत्र्यावरून नजर उचलून डोळ्यांना जरा आराम द्यायचा तर समोर दुसरं काही नव्हतंच. टायरांचा ढीग, मोडका रोड रोलर आणि खिडकीच्या चौकटीत मेहुण्यांचा चेहरा. दिवसातून शंभर वेळा नजर वर जायची. शंभर वेळा खाली येताना रिकामी येत नसणार.

काका अर्ध्या साबणाच्या तोंडाने बाहेर जाऊन गाडी बघून आले. आल्यावर खूप वेळ आरशासमोर उभे राहिले.

"काहीतरी करा," काकू म्हणाल्या. "दादाच्या लक्षात आलं ना, तर मला माहेर उरणार नाही. शेजाऱ्याने एकदा त्याला 'गोलमटोल' म्हटलं तर चार वर्षं बोलला नाही त्याच्याशी. मधली भिंत दीड फूट उंच केली. आणि हे तर शेपटीवर गेलंय!"

आईवडील गेल्यापासून काकूंचं माहेर म्हणजे तेवढा भाऊच होता. दर रविवारी त्या काकांना घेऊन दादाकडे जेवायला जायच्या, जेवणानंतर भावाबहिणीची तासभर भांडणं व्हायची, आणि सोमवारपासून काकू पुढच्या रविवारची वाट बघायच्या. एवढंच होतं ते. पण एवढं गेलं तर आठवड्याला रविवार राहणार नव्हता, हे काकांना न सांगता कळत होतं.

पण करणार काय? एका ढालीवर चेहरा बदलला तर ती उरलेल्या सगळ्या ढालींत परकी दिसायची. शिवाय मागच्या चित्राकडे न बघता ब्रश टेकवायचा म्हटलं की काकांचा हात पाण्यात पडलेल्या उंदरासारखा धडपडायचा. म्हणून त्यांनी काहीच केलं नाही. अकरा वर्षं दोघं नवराबायको जीव मुठीत धरून जगले. गावाला तर केव्हाच कळलं होतं. पण गावातली प्रत्येक परवानगी, प्रत्येक दाखला, प्रत्येक रजेचा अर्ज मेहुण्यांच्या टेबलावरून जायचा. त्यामुळे गाव मूग गिळून बसलं होतं. फक्त बागेतल्या बाकावर बसण्याआधी म्हातारेकोतारे पाठीच्या ढालीला हळूच "नमस्कार साहेब" म्हणायचे.

मग वरून पत्र आलं.

राज्यातल्या सगळ्या नगरपरिषदांनी आपापल्या मानचिन्हाची नोंदणी करायची होती. फॉर्ममध्ये रकाने होते. ढालीचा आकार, रंग, मधलं चित्र, आणि एक रकाना होता 'ढाल धरणारा प्राणी, असल्यास त्याचं नाव'. फॉर्म वेळेत आला नाही तर नगरपरिषदेला सरकारी नमुन्याची ढाल मिळणार होती. राखाडी, कोरी, वर नुसता क्रमांक. यांचा क्रमांक एकशे चौदा.

"एकशे चौदा?" अध्यक्ष सभेत कडाडले. "आणि नदीपलीकडच्यांना एकशे तेरा? म्हणजे जन्मभर आपण त्यांच्या पाठीमागे उभे राहायचं? रांगेत?"

मूळ चित्र कपाटातून काढण्यात आलं. गुंडाळी उलगडली तेव्हा कळलं की ती आधीच कुणीतरी वाचून संपवली होती. कसरीने पूल ठेवला होता, पाणी ठेवलं होतं, आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याखालचे चार पाय ठेवले होते. पाय कुणाचे असावेत यावर सभेत दीड तास चर्चा झाली. अग्निशमनच्या साहेबांनी कुत्रा सांगितला, कारण निष्ठा. बागेच्या साहेबांनी मेंढी सांगितली आणि कारण विचारल्यावर ते चिडले. अध्यक्षांनी अर्थात सिंह सांगितला. पाणीपुरवठ्यातून पाणमांजर आलं. एका सदस्याने प्रत्येक बाजूला वेगळं जनावर ठेवून समेट करायची सूचना मांडली आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी ठराव झाला. सभागृहात लावायला एक मोठी नवी ढाल पेंटरने रंगवावी. नोंदणीच्या बाई तपासणीला येतील तेव्हा पेंटरनेच सर्वांसमोर सांगावं की हे काय आहे. पेंटर सांगेल ते जनावर. नगरपरिषदेच्या इतिहासात काकांच्या मतावर झालेला हा पहिला ठराव होता.

फाइल मेहुण्यांकडे होती, त्यामुळे ते टेप घेऊन यार्डात उतरले. त्यांना कुठलंही काम वरवर करता यायचं नाही. टँकरच्या दारापाशी उकिडवे बसून त्यांनी जनावराची उंची घेतली, शेपटी मोजली, कानांमधलं अंतर लिहिलं. काका शेडमधून बघत होते. दोन चेहरे समोरासमोर, मधे वीतभर अंतर. काकांनी डोळे मिटून घेतले.

"जावईबापू!" मेहुण्यांनी हसून हाक मारली.

"जी दादा."

"जनावर कुठलं का असेना. पण चेहऱ्यावर काय समजूतदारपणा आहे हो!"

काकांच्या हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात पडला. मेहुणे अजून काहीतरी बोलणार होते. तोंड उघडून त्यांनी काकांकडे बघितलं, मग काकांच्या घराच्या दिशेला बघितलं, मग टेप गुंडाळली आणि जिना चढून वर गेले.

"कळलं त्याला," त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या.

"कळलं असतं तर हसले असते का?"

"दादा हसला? मग नक्की कळलं! अहो, पाणमांजर म्हणा, ऊदमांजर म्हणा, आकाशातून पडलं म्हणा, पण ते तोंड बदला. आठ दिवस आहेत."

काकांनी यार्डातून प्लायवुडचा तुकडा आणला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून खडूने सराव सुरू केला. आधी त्यांनी जनावराला मिशी काढली. मेहुण्यांना मिशी नव्हती. काकू ओट्यापासून वळल्या आणि त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला.

"अगंबाई. बाबा!"

काकांनी मान वर केली. भिंतीवर तसबिरीत सासरे होते, तसेच, फक्त कोट घातलेले. मिशी पुसली. गाल फुगवले.

"ही थोरली आत्या झाली," काकू म्हणाल्या. "तिला तर अजून ऐकायला येतं."

गाल बसवले, डोळे मोठे केले. काकूंचे धाकटे चुलतभाऊ निघाले, जे बोटीवर होते आणि दोन वर्षांतून एकदा यायचे. दाढी लावली तर आजोबा. चष्मा लावला तर बाबाच, निवृत्तीनंतरचे. काका सहा दिवस खडू झिजवत होते आणि सहा दिवस त्या फरशीवरून एक घराणं जात होतं, पिढ्यान्‌पिढ्या, शेपट्या सावरत. त्यातून बाहेर पडायची वाट नव्हती. सातव्या दिवशी काकांनी प्लायवुड उलटं करून मोरीत ठेवलं, यार्डात गेले, कचरागाडी समोर लावून घेतली आणि नेहमीसारखी ढाल काढली. मोठी. डोकी प्रत्येकी कलिंगडाएवढी.

तपासणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ज्यांना काम होतं तेही आले होते. काकू घरी बसणार होत्या, पण बसवेना, म्हणून शेवटच्या रांगेत येऊन बसल्या. नोंदणीच्या बाई बारीक, नीटनेटक्या, गळ्यात भिंग अडकवलेल्या. त्यांनी पूल मोजला, पाणी मोजलं, "छान" म्हणाल्या. मग जनावराजवळ गेल्या आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"फाइल," बाई म्हणाल्या.

मेहुण्यांनी पुढे होऊन फाइल दिली. बाईंनी फाइल घेतली, मेहुण्यांकडे पाहिलं. ढालीकडे पाहिलं. पुन्हा मेहुण्यांकडे. सभागृहात चाळीस माणसं होती आणि चाळीसच्या चाळीस छताच्या पंख्याचं निरीक्षण करू लागली.

"हा चेहरा कुणावरून घेतलाय का?" बाईंनी विचारलं. "हयात व्यक्तीचा चेहरा असेल तर नियमाने तिची लेखी संमती लागते. नाहीतर नोंदणी होत नाही."

"म्हणजे एकशे चौदा?" अध्यक्षांचा आवाज चिरका झाला.

काका खाली बघत होते. आपले बूट त्यांना फार लांब वाटले. मागच्या रांगेत काकू आहेत हे त्यांना पाठीला कळत होतं. आता मेहुणे मान वळवतील, बघतील, आणि मग भिंत, दीड फूट, दोन फूट, आभाळापर्यंत.

मेहुण्यांनी घसा साफ केला.

"संमतीची काळजी नको, बाई. घरचीच व्यक्ती आहे." त्यांनी मागच्या रांगेकडे हात केला. "बेबी, पुढे ये. सही कर."

पन्नाशी उलटलेल्या काकू उभ्या राहिल्या. "मी? मी कशाला?"

"अगं, चेहरा तुझाच आहे ना. ये, लाजू नकोस. मला पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. म्हटलं, जावयांचा तुझ्यावर जीव आहे, काढतायत तर काढू देत. बोललो असतो तर तूच रुसली असतीस. म्हणून इतकी वर्षं गप्प."

सभागृहात कुणीतरी खोकल्याच्या आड हसून घेतलं.

"माझा चेहरा?" काकू मधल्या वाटेने तरातरा पुढे आल्या. "हा? शेपटीवाला? दादा, डोळे तपासून घे. हा तू आहेस!"

"मी?"

"तू नाहीतर कोण! अकरा वर्षं झोप नाही मला. तुला कळलं तर काय होईल म्हणून!"

"काहीतरीच बोलू नकोस, बेबी. माझं कपाळ बघ आणि हे कपाळ बघ. हे तुझंच आहे."

"आणि ही हनुवटी? ही माझी? ही हनुवटी घेऊन मी सासरी आले असते तर यांनी मला परत पाठवलं असतं!"

"अगं, तीच घेऊन आलीस!"

दोघं ढालीसमोर शेजारी शेजारी उभे राहून भांडत होते, अगदी रविवारच्यासारखे. मेहुण्यांनी टेप काढून काकूंचं कपाळ मोजलं. काकूंनी टेप हिसकावून त्यांचं मोजलं. आकडा एकच आला. त्यांनी ढालीवरच्या दोन तोंडांकडे नीट पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी तोच विचार आला हे सगळ्यांना दिसलं.

"म्हणजे," मेहुणे सावकाश म्हणाले, "यांना आपलं अख्खं घराणंच जनावरासारखं वाटतं."

"बाबासुद्धा, दादा," काकू म्हणाल्या. "आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात यांनी खडूने बाबा काढले. शेपटीसकट. थोरल्या आत्यालाही सोडलं नाही."

"आत्या?" मेहुण्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "बेबी, रविवारी तू लवकर ये. यांना आणू नकोस."

"नाहीच आणणार!"

काकूंचं माहेर वाचलं होतं. इतकं भक्कम ते गेल्या अकरा वर्षांत कधी नव्हतं. काकांना ते कळलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. मग दुसरंही कळलं, की त्या माहेराच्या बाहेर आता एकच माणूस उभा आहे.

"मला पाचच्या आत फॉर्म भरायचाय," नोंदणीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि काकांकडे वळल्या. "ठरावाप्रमाणे पेंटर सांगतील ते अंतिम. रकान्यात काय लिहू? हे बंधू आहेत, या भगिनी आहेत, की प्राणी आहे? आणि प्राणी असेल तर कोणता?"

"सिंह म्हण," अध्यक्ष दातांतून पुटपुटले. "सिंह म्हण, बाबा."

"हो, सांगा ना!" काकू म्हणाल्या.

"सांगा, सांगा," मेहुणे म्हणाले. "ऐकू दे सगळ्यांना."

काकांनी मान वर केली. समोर एका ओळीत चार चेहरे होते. दोन रंगवलेले, त्यांच्या मधोमध दोन जिवंत. चारही जण ओठ मिटून उत्तराची वाट बघत होते. त्यांनी मनापासून आठवून बघितलं. दिवसभर खिडकीत एक चेहरा, संध्याकाळी ताटासमोर दुसरा, पंचवीस-सव्वीस वर्षं. कुणाची कुठली रेघ ब्रशात आली ते त्यांच्या हाताला माहीत असेल तर असेल, त्यांना स्वतःला नव्हतं. बंधू म्हणावं तर काकूंचं म्हणणं खरं, आणि मग मेहुणे. भगिनी म्हणावं तर मेहुण्यांचं खरं, आणि मग घर. सिंह म्हणावं तर दोघांना वाटणार, हा सिंहाच्या आड लपला.

बाईंच्या पेनाचं टोक रिकाम्या रकान्यावर टेकलं होतं. शाईचा एक ठिपका तिथे मोठा होत होता.

काकांनी खिशातली चिंधी काढून हात पुसले. हात स्वच्छ होते. त्यांनी चिंधीची नीट चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली, कोपऱ्यातली शिडी उचलून खांद्यावर घेतली, अध्यक्षांच्या डोक्याला लागू नये म्हणून ती जरा तिरकी केली, आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून वाट काढत, रकाना बाईंवर सोडून, दाराबाहेर निघून गेले.